चिठ्ठीच्या माथ्यावरचे ‘घे’

वाचकहो, घरातील औषधांच्या डब्यात एखादी जुनी चिठ्ठी असेल तर ती समोर घ्या. डॉक्टरांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि तारीख यांच्या खाली, डाव्या बाजूला एक चिन्ह दिसेल. इंग्रजी ‘आर’ हे अक्षर आणि त्याच्या तिरक्या पायावर मारलेली एक काट. आपण त्याला सर्रास ‘आरएक्स’ म्हणतो. पण त्यात ‘एक्स’ मुळीच नाही. ती काट म्हणजे मध्ययुगीन युरोपातील लेखनिकांची खूण. वारंवार येणारा शब्द पुरा लिहीत बसण्याऐवजी ते त्याचे पहिले अक्षर लिहीत आणि त्यातून एक रेघ ओढीत. उरलेला शब्द वाचणाऱ्याने मनाशी पुरा करायचा. आपल्याकडे पत्राच्या आरंभी ‘रा. रा.’ दिसले की जुनी माणसे ‘राजमान्य राजश्री’ असे वाचीत, तसेच हे. या चिन्हात कोणी गुरू ग्रहाची खूण पाहतात, तर कोणी प्राचीन इजिप्तमधील होरस देवाचा डोळा. दोन्ही कथा रंजक आहेत आणि आमच्या व्यवसायाला शोभा आणणाऱ्याही. परंतु लेखनिकांची ही साधी सवय ध्यानात घेतली की त्यांची गरज उरत नाही.

येथे मनाशी पुरा करायचा शब्द आहे ‘रेसिपे’. प्राचीन रोमन माणूस त्याचा उच्चार ‘रेकिपे’ असा करीत असे. अर्थ एवढाच : ‘घे’.

‘रेकिपेरे’ म्हणजे घेणे, स्वीकारणे. या क्रियापदाचे आज्ञार्थी, द्वितीय पुरुषी, एकवचनी रूप म्हणजे ‘रेसिपे’. संस्कृतातील ‘पठ’, ‘लिख’ किंवा मराठीतील ‘घे’, ‘दे’, ‘कर’ आठवून पाहा. या भाषांत हे रूप सर्वांत तोकडे असते. काळाचे, पुरुषाचे सगळे प्रत्यय गळून केवळ धातूचे अंग शिल्लक राहते. हुकूम देणाऱ्याला लांबण लावण्यास सवड नसते, असे भाषाही मानत असावी.

आता खरा प्रश्न. हे ‘घे’ कोणाला उद्देशून आहे? माझ्या बहुतेक रुग्णांना वाटते की ते त्यांना आहे. ‘हे औषध घे’ असे डॉक्टर सांगत आहेत. तसे नाही. हे ‘घे’ औषधे तयार करणाऱ्याला आहे. ‘बाबा रे, तुझ्या बरण्यांतून अमुक अर्काचे इतके आणि तमुक पाकाचे इतके घे,’ असा तो आदेश. म्हणूनच त्याखाली येणारी औषधांची नावे लॅटिनमध्ये षष्ठी विभक्तीत लिहीत आणि परिमाण द्वितीयेत : मधाचे दोन भाग घे, पाण्याचे दहा भाग घे. नावांची यादी संपली की पुढचा शब्द येई ‘मिस्के’. हा शब्द ऐकून मराठी कानाला ओळख पटावी, कारण त्याचा अर्थ ‘मिसळ’ असाच आहे. संस्कृतातील ‘मिश्र’ आणि लॅटिनमधील हे ‘मिस्के’ एकाच प्राचीन मुळाची अपत्ये. त्याच लॅटिन धातूपासून इंग्रजीत ‘मिक्श्चर’ आले आणि आपल्या दवाखान्यांत रुळले. नंतर ‘फियात’, म्हणजे ‘तयार होवो’. आणि सर्वांत शेवटी ‘सिग्ना’, म्हणजे ‘खूण कर’, बाटलीवर चिठ्ठी डकव आणि तिच्यावर पुढील सूचना लिही.

या रचनेचे चार भाग आम्हांला वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राच्या तासाला शिकविले जात : माथ्यावरचे ‘घे’, मग औषधांची नावे व मात्रा, मग बनविण्याची कृती आणि अखेरीस रुग्णासाठी सूचना. म्हणजे संपूर्ण चिठ्ठीपैकी तीन हिस्से डॉक्टर औषध बनविणाऱ्याशी बोलत असतो आणि केवळ चौथ्या हिश्शात, तेही औषध बनविणाऱ्याच्या मार्फत, रुग्णाशी.

माझ्या पिढीने बालपणी हे दृश्य पाहिले आहे. डॉक्टरांच्या खोलीला लागून लाकडी फळी आणि तिच्यापलीकडे कंपाउंडर. फडताळात मोठाल्या बरण्या, हाताशी खल, पुड्या बांधण्यासाठी कापून ठेवलेले कागद. आपण घरून आणलेली बाटली पुढे करायची. तो तिच्यात लाल किंवा पिवळे मिक्श्चर ओते आणि कडेला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी. तिच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ती कागदी पट्टी म्हणजेच लॅटिनमधील ‘सिग्ना’. मला ती आजही फार शहाणपणाची वाटते. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही दुपारचा डोस किती, हे तीवरून बिनचूक कळत असे.

इंग्रजीत ‘रेसिपी’ हा शब्द प्रथम वैद्याच्या चिठ्ठीसाठीच वापरला गेला. स्वयंपाकघरात तो पुढे अठराव्या शतकात शिरला. त्यात नवल नाही. ‘घे, मिसळ, शिजव’ हा क्रम दोन्हीकडे सारखाच. पोर्तुगीजमधील ‘रसैता’ आणि जर्मनमधील ‘रेत्सेप्ट’ हे शब्द आजही डॉक्टरची चिठ्ठी आणि पाककृती या दोन्ही अर्थांनी चालतात. पणजीला १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकशाळेत शिकलेल्या गोमंतकीय डॉक्टरांच्या लेखणीतून हीच ‘रसैता’ उतरत असे. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांची भाषा मात्र वेगळी आहे. तेथे ‘पिबेत्’, ‘लिह्यात्’, ‘दद्यात्’ अशी विध्यर्थी रूपे पदोपदी भेटतात : प्यावे, चाटावे, द्यावे. लॅटिन चिठ्ठीची सुरुवात एकाला उद्देशून ‘घे’ अशी होते. आपल्याकडे पुष्कळदा ‘त्याने असे करावे’ हा सूर असतो. यातील कोणते अधिक सभ्य, हे वाचकांनी ठरवावे.

गेल्या शतकात काय घडले पाहा. कारखान्यांत तयार होणाऱ्या गोळ्या आल्या. खल गेला, बरण्या गेल्या, कागदी पट्टी गेली. ‘मिसळ’ आणि ‘तयार होवो’ हे शब्द चिठ्ठीवरून पुसले गेले, कारण मिसळण्याजोगे काही राहिलेच नाही. माथ्यावरचे ‘घे’ शोभेपुरते उरले. खऱ्या अर्थाने जिवंत राहिला तो चौथा हिस्सा, म्हणजे तुमच्यासाठीची सूचना. पूर्वी ती लॅटिनमधून वाचून, तुमच्या भाषेत उतरवून बाटलीवर लिहिणारा एक माणूस मध्ये होता. तो माणूस गेला, लॅटिन मात्र राहिले. आज तुमच्या हाती कागद येतो त्यावर लिहिलेले असते : बी.डी., टी.डी.एस., एच.एस., एस.ओ.एस. पत्र तुम्हाला, पण भाषा तिसऱ्याची, अशी ही अवस्था आहे.

ही भाषा वाटते तितकी परकी नाही, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाचे नसून त्या एका सामाईक उगमातून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. त्याचा पुरावा तुमच्या चिठ्ठीवर आहे. ‘बी.डी.’ म्हणजे ‘बिस इन दिए’, दिवसातून दोनदा. यातील ‘बिस’ हा संस्कृत ‘द्विः’चा आणि ‘दिए’ हा ‘दिवस’चा नातलग. ‘टी.डी.एस.’ म्हणजे ‘तेर दिए सुमेन्दुम’. ‘तेर’ म्हणजे ‘त्रिः’, तीनदा. ‘सुमेन्दुम’ हे रूप संस्कृतातील ‘तव्य’, ‘अनीय’ या प्रत्ययांनी होणाऱ्या रूपांच्या तोडीचे : पठनीय म्हणजे वाचण्याजोगे, तसे सुमेन्दुम म्हणजे ‘घ्यावयाचे’. सभेची ‘अजेंडा’ आणि कार्यालयातील ‘मेमोरँडम’ हे याच घडणीचे शब्द; पहिल्याचा अर्थ ‘करावयाच्या गोष्टी’ आणि दुसऱ्याचा ‘लक्षात ठेवावयाचे’. ‘एच.एस.’ म्हणजे ‘होरा सोम्नी’, निजेच्या वेळी. यातील ‘सोम्नी’ संस्कृत ‘स्वप्न’चा भाऊ, आणि ‘स्वप्न’ या शब्दाचा मूळ संस्कृतातला अर्थ झोप असाही आहेच. ‘होरा’ तर आपल्या ज्योतिषाने ग्रीकांकडून घेतला आणि रोमनांनीही त्यांच्याकडूनच. ‘ए.सी.’ आणि ‘पी.सी.’ म्हणजे ‘आन्ते किबुम’ आणि ‘पोस्त किबुम’, जेवणापूर्वी आणि जेवणानंतर.

या सगळ्यांत मला सर्वांत लोभस वाटतो तो ‘एस.ओ.एस.’ आणि सर्वाधिक घोळही तोच घालतो. एकदा तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन एक आजोबा आले होते. मी लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी दारापर्यंत जाता जाता वाचली आणि ते पांढरे होऊन परत फिरले. ‘डॉक्टर, एस.ओ.एस. लिहिलंय. इतकं गंभीर आहे का हो?’ आजोबा तारखात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मनात बुडत्या जहाजाची हाक उभी राहिली होती. ती हाक निराळी. १९०६ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ती ठरली, १ जुलै १९०८ पासून अमलात आली आणि ती अक्षरे कोणत्याही शब्दांची आद्याक्षरे नव्हेत. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा नाद कानाला सहज ओळखू येतो म्हणून ती निवडली गेली. ‘आमचे जीव वाचवा’ हा अर्थ लोकांनी मागाहून जोडला.

चिठ्ठीवरचे एस.ओ.एस. म्हणजे ‘सी ओपुस सित’. ‘सी’ म्हणजे जर. ‘ओपुस’ म्हणजे काम. आणि ‘सित’ हे ‘असणे’ या क्रियापदाचे संशयार्थी रूप, संस्कृतातील ‘स्यात्’चे सख्खे भावंड; जैन दर्शनातील स्याद्वादात आहे तेच ‘स्यात्’. शब्दशः भाषांतर केले तर होते ‘जर काम असेल तर’. मराठीत आपण गरजेसाठी हाच शब्द वापरतो : ‘काम पडले तर ये’. तेव्हा एस.ओ.एस.चे उत्तम मराठी रूप आहे ‘काम पडल्यास’. ते वाचून त्या आजोबांचा चेहरा पांढरा झाला नसता.

घोळ येथेच संपत नाही. काही घरांत हे औषध ‘अगदीच जिवावर बेतल्यावर’ म्हणून राखून ठेवतात आणि माणूस विनाकारण कळा सोसतो. काही घरांत उलट होते. ‘लागेल तेव्हा’ म्हणजे लागेल तितके, असा अर्थ घेतला जातो. ‘स्यात्’मध्ये अट आहे, मर्यादा नाही; ती मर्यादा डॉक्टरने शब्दांत लिहिली पाहिजे. पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्या. निरोगी प्रौढ व्यक्तीने २४ तासांत ४ ग्रॅमहून अधिक घेऊ नये, आणि दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर असावे. ६५० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या झाल्या की ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. वजन कमी असेल, यकृताचा विकार असेल किंवा नियमित मद्यपान असेल, तर ती आणखी खाली येते. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते आणि ते कोणी मोजत नाही. त्यामुळे चिठ्ठीवर नुसते एस.ओ.एस. दिसले तर तीन गोष्टी विचारून घ्या : नेमके कशासाठी, किती वेळाने पुन्हा, आणि दिवसात जास्तीत जास्त किती.

यापेक्षा गंभीर प्रकरण आहे ते ‘ओ.डी.’चे. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ते ‘ओम्नी दिए’, म्हणजे रोज एकदा. नेत्रतज्ज्ञांच्या कागदावर तीच अक्षरे ‘ओकुलुस देक्स्तेर’, म्हणजे उजवा डोळा. अमेरिकेत रोज एकदासाठी ‘क्यू.डी.’ लिहीत, ते एक दिवसाआड या अर्थाच्या ‘क्यू.ओ.डी.’शी इतके वेळा गोंधळले की रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या तेथील जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी केली आणि त्यात या दोहोंना घातले. ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरीही सांगते की सूचना शक्यतो संक्षेपाविना, साध्या इंग्रजीत लिहाव्यात. लॅटिनवर सर्वाधिक प्रेम करणारे देश ते सोडू लागले आहेत. आम्ही मात्र ते नेटाने धरून आहोत.

काही वर्षांपूर्वी साठीच्या एक बाई तोंडभर फोड आणि गिळताना आग अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. सांधेवातासाठी त्यांना दुसरीकडे मेथोट्रेक्सेट सुरू केले होते. सांधेवात आणि सोरायसिस यांसाठी हे औषध उत्तम आहे, पण ते घ्यायचे आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर ‘ओ.डब्ल्यू.’ अशी घाईची दोन अक्षरे होती. दुकानात ती ‘ओ.डी.’ अशी वाचली गेली आणि पाकिटावर ‘१-०-०’ लिहिले गेले. बाई शिस्तीच्या. सलग ९ दिवस त्यांनी न चुकता रोज सकाळी गोळी घेतली. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या होत्या. गोळी तत्काळ बंद करून त्यांना रुग्णालयात पाठविले. तेथे ल्युकोव्होरिनचे उपचार मिळाले आणि त्या बचावल्या. अशा प्रसंगी सगळेच बचावत नाहीत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर आणि पाकिटावर वाराचे नाव लिहिलेले असावे : ‘दर रविवारी’. दोन अक्षरांपेक्षा ‘रविवार’ लिहायला तीन सेकंद अधिक लागतील.

‘१-०-१’ ही सकाळ, दुपार, रात्र दाखविणारी पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि बी.डी.पेक्षा ती निःसंशय बरी. तिलाही मर्यादा आहेत. एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा हे तीत बसत नाही. ‘दिवसातून तीनदा’ आणि ‘दर ८ तासांनी’ यांतील फरकही तीतून कळत नाही. काही प्रतिजैविकांच्या बाबतीत तो महत्त्वाचा असतो. ‘एच.एस.’चा ‘अर्धी मात्रा’ असा इंग्रजी अर्थ लावला गेल्याचीही उदाहरणे आहेत.

कायद्याचे म्हणणेही माहीत असू द्या. औषध नियम, १९४५ नुसार चिठ्ठीवर डॉक्टरची सही व तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, द्यावयाच्या औषधाचे एकूण प्रमाण आणि घ्यावयाची मात्रा असणे आवश्यक आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे अपेक्षित आहे. तेव्हा ‘डॉक्टर, हे मला वाचता येत नाही’ असे म्हणण्यात कसलाही उद्धटपणा नाही. माझ्या वयाच्या डॉक्टरला असे म्हटलेले प्रथम बोचते, हे खरे. पण तो बोच डॉक्टरचा त्याने पाहावा.

माथ्यावरचे ते ‘घे’ चिठ्ठीबाहेरही तुम्हाला भेटते. गोळ्यांच्या पट्टीवर, नावाच्या डावीकडे ते चिन्ह छापलेले असते. त्याचा अर्थ, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून हे विकू नये. ‘एच१’ अनुसूचीतील औषधांवर ते लाल रंगात असते आणि अशा विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. त्यामागे ‘एन’ असेल तर औषध गुंगीकारक किंवा मनावर परिणाम करणारे असते. ‘एक्स’ असेल तर निर्बंध आणखी कडक.

आणि एक जुना लॅटिन संक्षेप, जो आता कोणी लिहीत नाही : ‘नोन रेप.’, म्हणजे ‘नोन रेपेतातुर’, ‘याची पुनरावृत्ती न व्हावी’. नियमांत तो आजही वेगळ्या शब्दांत शाबूत आहे. अशा औषधाची चिठ्ठी एकदा वापरली की संपली. पुन्हा द्यावे असे डॉक्टरने तीवर लिहिले असेल तरच पुन्हा. आरंभी मी तुम्हाला डब्यातील जुनी चिठ्ठी काढायला सांगितली होती. तिच्यावरील तारीख पाहा आणि त्यापुढे दिवसांची संख्या लिहिलेली आहे का तेही पाहा. मधुमेहाची, रक्तदाबाची, थायरॉइडची चिठ्ठी असेल तर ती पुढच्या तपासणीला सोबत न्या. खोकल्याची किंवा प्रतिजैविकाची असेल आणि तिचे दिवस सरले असतील, तर ती फाडून टाका.